पैशाचा थांबा

अब्दुल रहीम कंडक्टर निवृत्त झाले तेव्हा अकोला डेपोतल्या लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ निवडणाऱ्याला थट्टा करायची होती की नाही, कोण जाणे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत रहीमभाईंना जेवढे मेमो मिळाले ते सगळे गाडी उशिरा आणल्याचेच होते. त्यांच्या पत्नी कुलसुमबी म्हणायच्या, तेवढे कागद रद्दीत घातले असते तर घरात पितळेचा हंडा आला असता.

उशिराला कारणही तसंच होतं. रहीमभाईंची गाडी अकोल्याहून मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला जायची आणि तिच्यात माणसांच्या बरोबरीनं निरोप बसायचे. कुणाचा डबा, कुणाचा चष्मा, वसतिगृहातल्या पोराचे पैसे, माहेरी राहिलेली जोडवी. एका शेतकऱ्यानं तर कपाशीवरची अळी औषधाच्या बाटलीत घालून कृषी विद्यापीठातल्या साहेबांसाठी दिली होती. परतीच्या खेपेला रहीमभाईंनी ती जिवंत पोचवली. या कामाचा त्यांनी कधी रुपया घेतला नाही आणि बत्तीस वर्षांत त्यांचं एकही पाकीट चुकीच्या हाती गेलं नाही. पगाराचा, बढतीचा त्यांना अभिमान नव्हता. या एका गोष्टीचा होता, आणि तो लपवायची त्यांना कधी गरजही वाटली नाही.

पाकीट चुकायचं नाही याचं कारण खूण. देणाऱ्यानं रहीमभाईंच्या कानात एक प्रश्न सांगायचा आणि त्याचं उत्तरही सांगायचं. घ्यायला आलेल्या माणसाला ते गाडीच्या दारात उभे राहून तोच प्रश्न विचारायचे. घरच्या गाईचं नाव काय? विहिरीवरचं झाड कशाचं? उत्तर जुळलं तरच पाकीट खाली उतरायचं. मूर्तिजापूरला एका फौजदाराला सासूनं पाठवलेल्या पुरणपोळ्या मिळाल्या नाहीत, कारण बायकोचं लाडाचं नाव चारचौघांत घ्यायला तो लाजला. पोळ्या अमरावतीपर्यंत जाऊन परत आल्या आणि संध्याकाळी बायको स्वतः येऊन घेऊन गेली. वर्दीचा रुबाब रहीमभाईंना ठाऊक होता, पण खूण ती खूण.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी, २०१२ च्या जुलैत, एका शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं नांदखेड फाट्याच्या पार्वताबाई अकोल्यात अकोट फैलातल्या रहीमभाईंच्या घरी आल्या. फाट्यावरून आत कोसभर पार्वताबाईंचं गाव आणि गावाला लागून त्यांची सहा एकर काळी जमीन. आल्या तशा त्या ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि पदराची गाठ सोडून नोटांची पुरचुंडी रहीमभाईंच्या पुढ्यात ठेवली.

"रहीमभाऊ, आमच्या प्राजक्ताचा नंबर लागला. अमरावतीले, नर्सिंगले," त्या म्हणाल्या. "हे अडतीस हजार पाचशे हायेत. उद्या शनवारी बाराच्या आत भरले नाई तं तिची जागा वेटिंगवालीले देतीन."

"मंग आतापावतर काय करून राहिल्या होत्या?"

"कापूस विकून राहिलो होतो," पार्वताबाई म्हणाल्या. "भाव वाढन, भाव वाढन म्हून आखाडापावतर घरात ठेवला. घरात बसाले जागा नव्हती. काल देऊन टाकला येकदाचा."

"अन् पंजाबराव?"

"त्यायचं वावरात कपाशीचं डवरनं चालू हाय. अन् त्यायले बँकेत धाडलं तं पैसे ठेवतीन खिशात अन् म्यानेजरले भाषन देऊन येतीन."

नवऱ्याचं एवढं वर्णन पुरे समजून त्यांनी एक कागद काढला. कॉलेज रोख घेत नव्हतं. मागच्या वर्षी त्यांच्या कचेरीत चोरी झाली तेव्हापासून फी बँकेतून बँकेतच यायला हवी असा नियम झाला होता. कागदावर प्राजक्तानं टपोऱ्या अक्षरात सगळं लिहून दिलं होतं. कॉलेजचं नाव, खात्याचा नंबर, बँकेचं नाव, शाखा नांदगाव पेठ, आणि त्याखाली अकरा अक्षर-आकड्यांचा एक कोड. कोडाखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या.

"खूण सांगा," रहीमभाई सवयीनं म्हणाले.

"आता बँकेले कायची खूण?" कुलसुमबी आतून म्हणाल्या.

"सांगतो ना," पार्वताबाई म्हणाल्या. "तिले विचारा, सात मिनिटं कोनाची?"

"अन् उत्तर?"

"थे तिच्या तोंडून आयका."

"असं नाई चालत, पार्वताबाई. उत्तर मालूम नसलं तं बरोबर का चूक, मी वळखू कसा?"

"वळखसान तुमी," असं म्हणून पार्वताबाई उठल्या आणि परतीच्या गाडीला गेल्या. शेतात पंजाबराव शिदोरीची वाट पाहत होते.

रहीमभाईंनी खुंटीवरची कातडी बॅग काढली. निवृत्त झाल्यावर तिच्यात तिकिटांच्या जागी पासबुक, चेकबुक, चष्मा आणि सुपारी राहू लागली होती. निघता निघता त्यांनी कागद पुन्हा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

कॉलेज होतं कठोरा नाक्याजवळ, म्हणजे अमरावती शहरात. आणि शाखा नांदगाव पेठची. नांदगाव पेठ म्हणजे शहर ओलांडून पुढं नागपूरच्या रस्त्यावर, कापडाच्या कारखान्यांपाशी. माणूस राहतो एका थांब्यावर आणि त्याचं पाकीट उतरवायचं पुढच्या थांब्यावर, हे कोणत्या डेपोचं शहाणपण? एवढी रक्कम तिथं उतरली तर ती आणायला एकट्या मुलीनं तिथं जायचं? तिथल्या कारखान्यांच्या गर्दीत तिनं कुणाकुणाला विचारायचं?

"लिवलं तसं पाठवा ना जी," कुलसुमबी म्हणाल्या. "पोरीनं दोन रेघा मारल्या त्याच्याखाली."

"पोट्टी हाय लहान. तिले थांबे, टप्पे काय मालूम?"

त्यांचा मुलगा अजहर अमरावतीत राजापेठला मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याचं भरलेलं जुनं पासबुक घरी पडलं होतं आणि त्याच्या पहिल्याच पानावर राजापेठ शाखेचा कोड छापलेला होता. राजापेठ कशी, अगदी सोयीची. बस थांबते, ऑटो मिळतात, मुलगाही जवळ. बँक दुसरी होती, हे रहीमभाईंना दिसलं नाही असं नाही. पण अकोला डेपो काय आणि अमरावती डेपो काय, शेवटी गाड्या सगळ्या एस. टी. च्याच. तशाच बँकाही सगळ्या एकाच सरकारच्या असणार, असा त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला. बत्तीस वर्षं माणसांना योग्य थांब्यावर उतरवलेला माणूस पैशालाही योग्य थांबा शोधून देत होता. यात त्यांचा काडीचा स्वार्थ नव्हता, आणि मोठ्या चुका बहुतेक अशाच लोकांच्या हातून होतात.

अकोल्यातल्या टॉवरजवळच्या बँकेत त्यांचं खातं होतं. त्यांनी रक्कम आधी स्वतःच्या खात्यात भरली, मग पैसे पाठवायचा फॉर्म घेतला. खात्याचा नंबर प्राजक्ताच्या कागदावरून उतरवला आणि कोड अजहरच्या पासबुकावरून. खिडकीपाशी पंधरा माणसं होती.

"चाचा, कोड पाहून टाकला ना?" आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

"बत्तीस वर्षं अमरावती लाईन केली, साहेब."

"बस मंग," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन जेवला असता. पण पाकीट निघालं आणि आपण मागं राहिलो, असं रहीमभाईंच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी अमरावतीत जाऊन थांबलेल्या प्राजक्ताला फोन करून सांगितलं, पावणेतीनला राजापेठच्या बँकेत ये. ती काही विचारणार तोच त्यांनी फोन ठेवला, कारण बारा वाजताची गाडी लागली होती.

गाडीत ते दाराजवळच्या सीटवर बसले. नवा कंडक्टर तिकिटाच्या यंत्राशी झुंजत होता. रहीमभाईंनी त्याला दोन सूचना दिल्या, त्यानं एकही ऐकली नाही. मग ते खुणेचा विचार करत राहिले. सात मिनिटं कोणाची? ही काय खूण झाली? गाईचं नाव असतं, झाडाचं नाव असतं. मिनिटं कुणाची असतात का? माना स्टेशनाचा फाटा गेला, कुरुम गेलं. बडनेऱ्याच्या अलीकडे खिशातला फोन थरथरला. रहीमभाईंनी काढून पाहिलं, इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं होतं. कंपनीवाले रिचार्जसाठी मागं लागतात, तसलंच असेल म्हणून त्यांनी फोन परत खिशात टाकला.

राजापेठच्या बँकेच्या पायरीवर प्राजक्ता उभी होती. उंच, सडपातळ, दोन वेण्या, आणि आईचाच सरळ बघायचा स्वभाव.

"चाचा, तुमी इथं काहून बोलावलं?" ती म्हणाली. "आमच्या कॉलेजचं खातं तं नांदगाव पेठले हाये. पह्यले कॉलेज तिकडेच होतं, म्हून खातंही तिकडेच."

"थे सगळं मी पाहून घेतलं. तू चाल."

आत कुलदीप नावाचा एक तरुण कारकून होता. रहीमभाईंनी त्याच्यापुढं पावती ठेवली आणि आपण अकोल्याहून आपले पैसे घ्यायला आलो आहोत, असं सांगितलं. कुलदीपनं पावती पाहिली, मग रहीमभाईंकडं पाहिलं, मग यंत्रात काहीतरी शोधलं.

"काका, पैसे असे घ्यायला यायचं नसतं," तो म्हणाला. "अन् हे पैसे आमच्याकडं राहिलेही नाहीत. आले होते, परत गेले. तुम्हाला मेसेज आला असेल."

रहीमभाईंनी फोन काढून दिला. कुलदीपनं रिचार्जचा तो मेसेज वाचला आणि मान हलवली. "हा पाहा. रक्कम परत."

"काहून परत? थांबा बरोबर हाये, नंबर बरोबर हाये."

कुलदीपनं एक कोरा कागद ओढला. दुपारची जेवणं होऊन बँक सुस्तावली होती, म्हणून असेल किंवा मुळातच तो चांगला होता म्हणून असेल, त्यानं अकराही अक्षरं वेगवेगळी मांडून दाखवली. पहिली चार बँकेची. मग एक शून्य. मग सहा त्या शाखेची. बँकेचीच अक्षरं बदलली तर पैसे भलत्याच बँकेत जातात. तिथं त्या नंबरचं खातं नसलं तर ते आल्या वाटेनं परत फिरतात.

"अन् असलं तं?"

"असलं तर त्या माणसाच्या खात्यात जमा. नशीब म्हणा, तुमच्या नंबरचं खातं आमच्याकडं कोणाचंच नाही."

"कॉलेजचं नाव लिवलं ना मी फॉर्मावर. येवढं मोठ्ठं."

"यंत्र नाव पाहत नाही, काका. नंबर अन् कोड पाहतं."

रहीमभाईंनी पावती उचलून उलटसुलट पाहिली. मग त्यांनी विचारलं, "कोनी खूणही विचारत नाई?"

"कोणती खूण?"

त्यांनी आपली बत्तीस वर्षांची रीत सांगितली. गाईचं नाव, विहिरीवरचं झाड, फौजदाराच्या पुरणपोळ्या. कुलदीप ऐकता ऐकता हसला आणि मग त्या कागदावर बोट ठेवून म्हणाला, "मग ही तुमची खूणच झाली की. पाठवणाऱ्यानं सांगायची अन् मधल्या माणसानं जशीच्या तशी पोचवायची."

बोलणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही, पण रहीमभाईंच्या वर्मी लागलं. एखाद्या मायबाईनं खूण सांगावी आणि कंडक्टरनं वाटेत ती आपल्या अकलेनं बदलावी, असं दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला गाडीतून खाली उतरवला असता. त्यांना मनापासून लाज वाटली. चष्म्याच्या काचा पुसायच्या निमित्तानं त्यांनी मान खाली घातली.

प्राजक्ता रडली नाही, ओरडलीही नाही. ती एवढंच म्हणाली, "वेटिंगमधली पह्यल्या नंबरची पोरगी कालपासून बापाले घेऊन हापिसाच्या बाहेर बसून हाये, चाचा. उद्या बाराले ते तिलेच आत घेतीन."

"पैसे आजच्या आज खात्यात परत दिसतील," कुलदीप म्हणाला. "तुमच्या बँकेची शाखा अमरावतीतही आहे. चेकबुक आहे ना जवळ? उद्या साडेदहाला उघडल्या उघडल्या तिथूनच परत पाठवा. शनिवारी एक वाजेपर्यंत जातात पैसे. पण पोचायला किती वेळ लागेल, ते मी नाही सांगू शकत."

संध्याकाळी अजहरच्या गॅरेजात एका उलट्या टायरवर बसून रहीमभाईंनी पार्वताबाईंना फोन लावला. न सांगता भागलं असतं. पैसे वेळेत पोचले असते तर कुणाला काही कळलंही नसतं, आणि प्राजक्ता चहाडी करणारी नव्हती. पण बत्तीस वर्षं पाकिटाचा जाब ज्याच्या त्याला देत आल्यावर आता तोंड लपवणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी सगळं सांगितलं. राजापेठ, अजहरचं पासबुक, दोन रेघा, सगळं.

पलीकडे बैलाच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"पैसे हायेत का गेले?" पार्वताबाईंनी विचारलं.

"हायेत. माह्याच खात्यात परत आले."

"मंग जेवा अन् झोपा. सकाळी बरोबर पाठवा."

"तुमाले राग नाई आला?"

"आला ना बाप्पा. लय आला. पन रागानं पैसे पोचत असते तं मी घरूनच धाडले असते." आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "खूण विचारा बरं तिले. विसरसान नाई तं."

शनिवारी बँक उघडली तेव्हा दाराशी पहिला माणूस रहीमभाईच होते. त्यांनी आधी पासबुक छापून घेतलं आणि अडतीस हजार पाचशे परत आलेले डोळ्यांनी पाहिले. मग फॉर्म घेतला. प्राजक्ताचा कागद टेबलावर सपाट केला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि कोडातलं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहू लागले. थांब्यांची नावं पुकारावीत तसा त्यांचा आवाज लागला. दोन माणसं मागं वळून बघू लागली. लिहून झाल्यावर त्यांनी फॉर्म खिडकीतल्या बाईंपुढं सरकवला.

"ताई, आता तुमी वाचा अन् मी ह्या कागदावर पाहतो."

"काका, मागं लाईन आहे."

"लाईनले माही विनंती हाये," रहीमभाई वळून लाईनीला म्हणाले, "पोरीची जागा चालली हाये. दोन मिनिटं." लाईनीनं हरकत घेतली नाही. बाईंनी नंबर वाचला, कोड वाचला, शाखा नांदगाव पेठ वाचली. सगळं जुळलं. शिक्का पडला तेव्हा दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

कॉलेजच्या कचेरीत भगवंतराव नावाचे जुने कारकून संगणकापुढं बसले होते. त्यांच्यापुढं दोन याद्या होत्या. एक लागलेल्या नावांची, दुसरी थांबलेल्या नावांची. बाहेरच्या बाकावर ती वेटिंगवाली मुलगी आणि तिचा बाप. बापाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि ती त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. रहीमभाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि परत पाहायचं टाळलं.

सव्वाअकरा झाले. भगवंतरावांनी यंत्र पाहिलं आणि मान हलवली. साडेअकरा झाले, पुन्हा मान हलवली. प्राजक्ता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. रहीमभाईंना वाटलं, गाडी असती तर पुढं होऊन रस्ता मोकळा केला असता, फाटकवाल्याला हात दाखवला असता, ड्रायव्हरला दोन शब्द सुनावले असते. इथं पैसा कुठं आहे, कोणत्या फाट्यावर अडकलाय, तेसुद्धा दिसत नव्हतं. बसून राहण्यापलीकडे करण्यासारखं काहीच नव्हतं आणि त्यांना तेवढंच जमत नव्हतं.

"भगवंतराव, अजून येकदा पाहा ना."

"आत्ताच पाह्यलं, चाचा."

"गाडी सुटाची घंटी तं नाई ना देल्ली अजून. पाहा."

पावणेबाराला भगवंतरावांनी बोट दाबलं, चष्मा वर केला, पडद्याजवळ तोंड नेलं. मग पहिल्या यादीत एका नावापुढं निळी खूण केली. "आले," ते म्हणाले. "अडतीस हजार पाचशे. अकोल्याहून, अब्दुल रहीम."

बाहेर बाकावरच्या बापानं चपला पायात सरकवल्या. रहीमभाई त्याच्याजवळ गेले. त्यांनी विचारलं, "कोनत्या गावचे?"

"अकोटचे."

"दुसरी यादी लागन म्हनतात आठ दिवसानं. पैसे पाठवाचे झाले तं अकोल्याले, अकोट फैलात या. कंडक्टरचं घर कोनीही दाखवन. कसे पाठवू नये, ते माह्यापेक्षा जास्त आता कोनाले मालूम नाई."

तो माणूस हसला आणि मुलीला घेऊन फाटकाकडं चालू लागला. पण त्या हसण्यानं रहीमभाईंचं ओझं काही हलकं झालं नाही.

प्राजक्ता पावती घेऊन बाहेर आली. ती आता वेगळीच दिसत होती, दोन दिवस आवळून धरलेला चेहरा सुटल्यासारखी. दोघं पायरीवर बसली. रहीमभाईंनी बॅगेतून सुपारी काढली आणि तशीच परत ठेवली.

"विचारा ना, चाचा," ती म्हणाली. "माय म्हने, खूण विचारतीन ते."

"आता कायची खूण बेटा? विचाराचा हक्क राहिला नाई मले."

"विचारा."

"सात मिनिटं कोनाची?" रहीमभाईंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर माहीत नसलेली खूण ते विचारत होते.

प्राजक्तानं पावतीची घडी घातली. "माहा दहावीचा पह्यला पेपर होता," ती म्हणाली. "मूर्तिजापूरले. घरून निघाले उशीर झाला. फाटा कोसभर दूर. अर्धी वाट सरली तं तुमची गाडी उभी दिसून राहिली. मी धुऱ्याधुऱ्यानं पळत होती, चपला हातात घेऊन. मले वाटलं, गेली आता. पन गाडी जाईच ना. मी चढली तं तुमी रागावले मले. म्हने, उद्यापासून अर्धा घंटा आधी येत जाय. अन् तिकीट फाडलं."

रहीमभाई आठवायचा प्रयत्न करत होते. शेतांच्या बांधांवरून पळत येणारी पोरं त्यांनी बत्तीस वर्षांत इतकी पाहिली होती की त्यातली ही कोणती, ते सांगता येईना.

"तुमाले त्याचा मेमो भेटला," प्राजक्ता म्हणाली. "सात मिनिटं उशीर. तुमी कोनालेच नाई सांगितलं. श्रावन ड्रायव्हरकाकानं चार महिन्यानं मायले सांगितलं, का या पोरीपायी आमच्या कंडक्टरनं घंटी देल्ली नाई. म्हने, मी दोनदा हारन वाजवला तं म्हनते कसा, पोट्टी येऊन राहिली, थांब." तिनं वेणी मागं टाकली. "माय तवापासून म्हनते, थे पेपर तू देल्ला, पन थे सात मिनिटं तुही नाई. थे त्यायची हायेत. म्हून पैसे तुमच्याच हातानं धाडाचे होते तिले."

पायरीसमोरून एक ऑटो गेला. भर दुपारी कॉलेजच्या पायरीवर रडायला रहीमभाई काही लहान नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पार्वताबाई म्हणाल्या होत्या तसं त्यांना उत्तर ओळखता आलं.

"बरोबर," ते म्हणाले.

उत्तर बरोबर आलं की हातातलं पाकीट द्यायचं, ही बत्तीस वर्षांची सवय. आज हातात पाकीट नव्हतं. त्यांनी बॅगेत हात घातला, प्राजक्ताचा तो दोन रेघांचा कागद काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"घे. चालू दे आता तुही गाडी."